पाऊस लांबला की फ्लेमिंगोही उशिरा येतात, ते का?

मढ : ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी सर आली की सुकत घातलेल्या बोंबलाचं काय होतं, हे मढ-भाटीच्या कोळणींना सांगायला नको. तोच लांबलेला पाऊस मुंबईच्या पूर्वेला, ठाणे खाडीत येणाऱ्या फ्लेमिंगोंचंही गणित बिघडवतो.

फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित, सैबेरियातून येतात असं अनेकांना वाटतं. पण यातले बरेच कच्छच्या रणातून येतात. रणात पावसाचं पाणी साठतं, तिथे ते चिखलाची घरटी बांधतात. पाणी खोल असलं तर घरटी बुडणार, म्हणून ते उथळ व्हायची वाट बघावी लागते. पुढे अंडं उबवायला महिना आणि पिल्लू उडायला साधारण अडीच-तीन महिने. आता हिशोब करा. पाऊस जितका लांबला, तितकं पुढचं सगळं सरकलं.

आणि पाऊस लांबतोय हे सरकारी कागदावरच आहे. हवामान खात्याने २०२० मध्ये तारखा बदलल्या. मुंबईतून पाऊस परतायची सर्वसाधारण तारीख २९ सप्टेंबरची ८ ऑक्टोबर झाली. पश्चिम राजस्थानात, म्हणजे कच्छच्या शेजारी, १ सप्टेंबरची १७ सप्टेंबर.

जायची वेळही पक्की राहिली नाही. पावसाच्या तोंडावर हे पक्षी परततात. मुंबईत ११ जूनला येणारा पाऊस २०२५ मध्ये २६ मेलाच आला. यायला उशीर आणि जायची घाई झाली, तर चरायचे दिवस दोन्हीकडून कमी होतात.

थापट्या, तलवार बदक यांचं वेगळं. ती खरोखर दूर उत्तरेकडून येतात. दिवस लहान झाला की निघायचं त्यांना कळतं, ते घड्याळ काही बदलत नाही. पण तिकडची तळी उशिरा गोठली, तर खायला मिळतंय तोवर ती तिथेच रेंगाळतात.

अर्थात एखाद्या वर्षी पक्षी उशिरा आले म्हणून लगेच हवामान बदलाच्या नावाने बोंब मारू नये. पाणथळ जागी टाकलेला भराव हेही कारण असतं, आणि ते तर माणसाच्या हातातलं आहे. खरं काय ते अनेक वर्षांच्या नोंदींवरूनच कळतं. मालाड-मनोरीच्या खाडीत होडीवर असताना पाहुणे पक्षी दिसले, तर लांबूनच फोटो काढा आणि तारीख, जागा, अंदाजे संख्या ‘ईबर्ड’ या मोफत ॲपवर टाका. हंगामातला पहिला पक्षी कधी दिसला, ती तारीख तर नक्की टाका.