उरलेले 156 तास

डायलिसिस केंद्राबाहेरच्या बाकावर नातेवाईक चार-चार तास बसून असतात आणि त्यांची विचारपूस कुणी करत नाही, हे मला फार दिवस खटकत होतं. सोलापुरातल्या एका केंद्रात रुग्णाबरोबर घरच्यांशीही बोलणाऱ्या समुपदेशक आहेत असं कळलं, म्हणून तिथे गेले.

आत शिरताच डायलायझर, म्हणजे रक्त गाळणारी नळी, धुवायच्या रसायनाचा व्हिनेगरसारखा आंबूस दर्प नाकात भरतो. वजन, रक्तदाब, हातातल्या फिस्टुलात, म्हणजे शस्त्रक्रियेनं जोडलेल्या रक्तवाहिनीत, दोन सुया, की मशीन सुरू. एका खेपेला चार तास, आठवड्यातून तीनदा. "झाले 12 तास," समुपदेशक ताई म्हणाल्या. "आठवड्याचे तास 168. उरलेले 156 तास माणूस घरी असतो. माझं काम त्या 156 तासांचं."

पन्नाशीतल्या एका काकांचं वजन दोन डायलिसिसच्या मधे साडेतीन किलोंनी वाढलं होतं. मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकेनाशी झाली की पोटात गेलेला लिटरभर म्हणजे अंगावर किलोभर. तेच पाणी फुप्फुसात साचलं की जीव घाबरा होतो. काकू वैतागून बोलत होत्या. "माठाला कुलूप लावायचंच बाकी आहे. हे मोरीत जाऊन नळाचं पाणी पितात." काका भिंतीकडे बघत राहिले.

ताई काकांना काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी काकूंना विचारलं, "रात्री किती वेळा उठता?"

"दोन-तीनदा. ह्यांचा श्वास चालतोय का बघायला."

काकांनी मान वळवली. "मला वाटायचं, माठ बघायला उठतेस."

एकाच खोलीत झोपणाऱ्या दोघांमधलं हे बोलणं आजही माझ्या कानात आहे. औषधांच्या कुठल्याही चिठ्ठीवर ते कधी आलं नसतं.

मग कामांची वाटणी ठरली. डॉक्टरांनी नेमून दिलेलं दिवसाचं पाणी सकाळीच बाटलीत भरायचं, चहा-आमटी त्यातच धरायची आणि बाटली काकांनी सांभाळायची. काकूंनी पहारा सोडायचा, मिठाकडे बघायचं. तहान भडकते ती मिठानं. लोणचं, पापड, शेंगाचटणी पानात सगळ्यांच्याच कमी. एकट्याच्या ताटातून काढली तर ती शिक्षा होते, असं ताईंचं म्हणणं. आणि संध्याकाळचा एक तास आजाराचा विषय घरात काढायचा नाही.

यामागे अभ्यास आहे. जॉन रोलँड या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी 1994 साली कुटुंब, आजार आणि अपंगत्व यांवर पुस्तक लिहिलं. दीर्घ आजाराला घरात त्याची जागा द्यावी, सगळं घर देऊ नये, हा या अभ्यासातला एक महत्त्वाचा विचार.

पुढच्या खेपेला काकांचं वजन दोन किलो आठशेनं वाढलेलं होतं. सातशे ग्रॅमचा फरक. पण तो दोघांनी मिळून पाडला होता.

महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि 2016 पासूनचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम यांमुळे गरीब माणूस मशीनपर्यंत पोचू लागला. याचं मोल मोठंच आहे. पण ताईंचा पगार देणगीतून निघतो, देणगी आटली की कामही थांबेल. मशीनवर तंत्रज्ञ नसेल तर आपण केंद्र चालू देणार नाही. मग घरच्यांसाठी माणूस नसला तर चालतं, हे कोणी ठरवलं? 12 तासांचा खर्च सरकार उचलतंच आहे. 156 तासांसाठी प्रत्येक केंद्रात एक पगारी समुपदेशक नेमावा, एवढंच मागणं आहे.