पत्रिका टाकली, रक्त तपासायचे राहिले!

नाहूर हे मध्य रेल्वेवरील भांडुप आणि मुलुंडच्या मधले लहानसे स्टेशन. एका बाजूला फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची मुलुंड कॉलनी, दुसऱ्या बाजूला पोटासाठी कोकण, मराठवाडा, विदर्भातून आलेल्या कष्टकऱ्यांच्या भांडुपच्या वस्त्या. यांची भाषा वेगळी, देव-धर्म वेगळा. परंतु एक वारसा दोन्हीकडे चालत आला आहे, तो रक्तातून! सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजात थॅलेसेमियाचे वाहक अधिक सापडतात. तर विदर्भातील बौद्ध आणि आदिवासी कुटुंबांत सिकलसेलचे.

वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे आधी समजून घेतले पाहिजे. समजा, नाहूरच्या एखाद्या चाळीत वाढलेली, मूळची भंडाऱ्याकडची एक मुलगी आहे. नोकरी करते, कधी आजारी पडत नाही. तिचे लग्न समाजातल्याच एका धडधाकट मुलाशी होते. दोघेही वाहक, पण दोघांनाही पत्ता नाही. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता 25 टक्के, नुसते वाहक होण्याची 50 टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची 25 टक्के. पहिले मूल रोगी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. प्रत्येक गरोदरपणात तोच धोका नव्याने उभा राहतो. आणि रोग झालेल्या लेकराच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडे-सांधे असे दुखतात की मूल रात्रभर कळवळते.

हा कोणाच्या जातीचा दोष आहे काय? मुळीच नाही! सिकलसेलच्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. म्हणून जिथे मलेरिया माजला, त्या आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्ये आणि आपल्याकडे हा गुण टिकून राहिला. दोष असलाच तर तो ठरावीक घरांतच सोयरिक जुळविण्याच्या रूढीचा आहे. जातीतल्या जातीत लग्न हेच जातिव्यवस्थेचे मूळ, असे बाबासाहेबांनी 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठातील निबंधात मांडले होते. त्याच रूढीमुळे दोन वाहक एकाच बोहल्यावर येण्याचा संभव वाढतो.

मग सर्वांची सक्तीने तपासणी करावी काय? अमेरिकेचा इतिहास इथे डोळे उघडणारा आहे. सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतील बिघाड आहे, हे 1949 मध्ये लायनस पॉलिंग या शास्त्रज्ञाने सिद्ध केले. त्याच थोर माणसाने 1968 मध्ये, वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदवावी, असे सुचविले! कपाळावरची खूण म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पुढे तिथल्या काही राज्यांनी तपासणीची सक्ती केली आणि निरोगी कृष्णवर्णीय वाहकांना नोकरीत, विम्यात डावलले गेले. हवाई दलाच्या अकादमीचे दार तर त्यांना 1981 पर्यंत बंद होते. याउलट ब्लॅक पँथरने 1971 मध्ये आपल्याच वस्त्यांत मोफत तपासणी सुरू केली. सक्ती नाही, हिणवणे नाही, आपल्या माणसांनी आपल्या माणसांसाठी केलेले काम! 1972 मध्ये मुंबईत दलित पँथरने त्यांचे नाव घेतले. त्यांचे हे कामही आपण घ्यायला नको काय?

आज आपल्याकडे तपासणीचा भार एकट्या बाईवर पडतो. गरोदर राहिली की तिचे रक्त घेतात. ती वाहक निघाली की नवऱ्याला बोलावतात आणि तो 'मला काय झालंय?' म्हणत फिरकत नाही. गर्भाची तपासणी साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात करता येते. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची रक्तविकारांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. परंतु बाई पाचव्या महिन्यात दवाखान्यात पोहोचली, तर सोय असून उपयोग काय? म्हणून तपासणी लग्नाआधी, निदान मूल होण्याआधी हवी आणि ती दोघांची हवी. वाहक निघालेल्या मुलीचे लग्न मोडणे हा विज्ञानाच्या नावाने केलेला विटाळ आहे. दोघांपैकी एकच वाहक असेल तर मुलाला सिकलसेल होत नाही. मात्र एकाला सिकलसेलचा आणि दुसऱ्याला थॅलेसेमियाचा गुण असेल, तरी धोका असतो. म्हणून नुसते हिमोग्लोबिन किती आहे, हे पाहून भागत नाही. एचपीएलसी तपासणीत दोन्ही गुण सहसा कळतात.

सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 रोजी सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, हे तिचे लक्ष्य. चांगली गोष्ट आहे. परंतु तिचा भर आदिवासीबहुल भागांवर आहे. नागपूर-चंद्रपूर सोडून नाहूर-भांडुपला आलेले बौद्ध कुटुंब या नकाशात कुठे बसते? 2016 च्या कायद्याने सिकलसेल आणि थॅलेसेमिया यांना दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. हा हक्क तरी किती जणांना ठाऊक आहे? आणि निर्मूलन म्हणजे रोग्यांचा विसर नव्हे. हायड्रॉक्सीयुरियासारखे औषध आणि लसी वेळेवर मिळाल्या, तर सिकलसेलची मुले शिकतात, कमावतात, संसार करतात.

बंधू-भगिनींनो, आपण पत्रिका जुळविणे सोडले, ही फार मोठी क्रांती होती. आता रक्ताच्या अहवालाची नवी पत्रिका होऊ देऊ नका, पण अज्ञानातही राहू नका. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग डीजेऐवजी तपासणी शिबिराला द्या. विहारात महिला मंडळाने डॉक्टरांना बोलवावे. अहवाल ज्याचा त्याच्याच हाती द्यावा, त्याची गावभर चर्चा नको. आणि रक्त द्यायला रांगेत पहिला उभा राहावा तो मुलगा, मुलगी नव्हे!