मेसच्या रांगेत होणाऱ्या ओळखी

पुण्याच्या सदाशिव पेठेत, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो मुलंमुली राहतात. कुणी बीडहून आलेलं, कुणी लातूर-नांदेडहून, कुणी जळगावहून. कॉट बेसिसवर जागा, अभ्यासिकेत एक खुर्ची आणि मेस, एवढाच त्यांचा संसार. अभ्यासाची निम्मी साधनं मोबाइलमध्येच असतात. नोट्स टेलिग्रामवर, लेक्चर यूट्यूबवर, चालू घडामोडी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. आईचा चेहराही रात्री त्याच पडद्यावर दिसतो. अशा मुलाला ‘मोबाइल बाजूला ठेव, एकटं वाटणार नाही’ असं सांगणाऱ्याला त्याचं दुखणं कळलेलंच नाही, असं मला वाटतं.

तंत्रज्ञानामुळे माणसं एकाकी होतात का, हा प्रश्न स्मार्टफोनहून जुना आहे. १९९५ साली, भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट नुकतं सुरू होत होतं त्या सुमारास, अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये रॉबर्ट क्राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही कुटुंबांना संगणक आणि इंटरनेट दिलं आणि पुढे त्यांच्यात काय बदल होतो ते पाहिलं. ७३ घरांमधल्या १६९ जणांची ही पाहणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. इंटरनेटचा वापर जितका जास्त, तितका घरातला संवाद थोडा कमी आणि एकटेपणा थोडा जास्त, असं तिच्यात दिसलं. त्यावर जगभर चर्चा झाली. पण त्याच संशोधकांनी त्याच लोकांना पुन्हा गाठलं, तेव्हा हे दुष्परिणाम बहुतेक विरून गेले होते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाठपुराव्यात, नव्या लोकांच्या पाहणीतून आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्यांच्याभोवती आधीच आधाराची माणसं होती, जे मोकळेपणाने बोलणारे होते, त्यांना इंटरनेटचा फायदा झाला. बुजऱ्या आणि आधार नसलेल्या माणसांचं मात्र नुकसान झालं.

गाव, शाळेतले मित्र, घर मागे सोडून नव्या शहरात आलेली १९-२० वर्षांची मुलगी नेमकी या दुसऱ्या गटात येते. त्या वयात एकटेपणा येतो, त्याचं पहिलं कारण मोबाइल नसतोच. २०१८ मध्ये बीबीसीने केलेल्या पाहणीत ५५ हजार लोकांनी भाग घेतला. १६ ते २४ वयोगटातल्या ४० टक्के जणांनी आपल्याला वारंवार एकाकी वाटतं असं सांगितलं. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांत हे प्रमाण २७ टक्के होतं. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. आयुष्यात सर्वांत एकटं कधी वाटलं, असं विचारल्यावर सर्वाधिक उत्तरं आली ती तरुणपणाची. म्हणजे मोबाइल नव्हता तेव्हाही विशी अशीच अवघड होती.

मग मोबाइलचा काहीच संबंध नाही का? आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मेलिसा हंट यांनी १४३ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटाने तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी दिवसाला १० मिनिटंच वापरायचं, दुसऱ्याने नेहमीसारखं. पहिल्या गटाचा एकटेपणा आणि नैराश्य दोन्ही उतरलं. सुरुवातीला जे जास्त खचलेले होते, त्यांना अधिक बरं वाटलं. लक्षात घ्यायची गोष्ट ही, की मोबाइल कुणाकडूनही काढून घेतला नव्हता.

दुसऱ्यांचे हसरे फोटो पाहून मन खट्टू होतं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. त्यापेक्षा मोठं नुकसान वेगळ्या जागी होतं आहे आणि त्याविषयी फार कमी बोललं जातं. ते होतं किरकोळ ओळखींचं. कॅनडात जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी विद्यार्थ्यांना दिवसभरात कुणाकुणाशी बोलणं झालं ते मोजायला लावलं. जिवलग नसलेल्या, नुसत्या वर्गातल्या ओळखीच्या मुलांशी नेहमीपेक्षा जास्त बोलणं झालं, त्या दिवशी विद्यार्थी अधिक आनंदी होते. आपण इथले आहोत, असंही त्यांना अधिक वाटत होतं. २०१४ मधला हा अभ्यास वाचला, की आपल्या शहरात काय नाहीसं होतं आहे ते दिसायला लागतं. मेसच्या रांगेत ‘आज भाजी काय?’ विचारताना ओळख व्हायची. टपरीवर सुटे पैसे नसले की शेजारचा द्यायचा. रूम शोधायला दहा दारं वाजवावी लागायची, पत्ता विचारावा लागायचा. आता जेवण ॲपवरून दारात येतं, पैसे क्यूआर कोडवर जातात, वाट नकाशा दाखवतो आणि रांगेतली दोन मिनिटं रील्समध्ये जातात. यातली एकेक सोय खरोखर उपयोगाची आहे, मीही ती नाकारणार नाही. पण नवख्या मुलाची पहिली मैत्री जिथून सुरू व्हायची, तेच प्रसंग या सोयींनी उचलून नेले आहेत.

हाच मोबाइल माणसं एकत्रही आणतो. गणपतीच्या आधी पुण्यात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. निरोप सगळे व्हॉट्सॲपवर, पण संध्याकाळी ढोल कमरेला बांधून नदीपात्रात उभं राहावंच लागतं. शेजारी आयटीतली मुलगी असते, पलीकडे बी.कॉम.चा मुलगा, आणि ठेका जुळवायचा तर एकमेकांकडे बघावं लागतं. ट्रेकच्या ग्रुपचंही तसंच. म्हणून स्क्रीनटाइमचे तास मोजण्यापेक्षा त्या तासांतून किती भेटी घडल्या, हे पाहणं मला अधिक खरं वाटतं.

आणि या भेटींची जबाबदारी एकट्या मुलांवर टाकू नये. २०२५ च्या ‘वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट’मध्ये सोबत जेवण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. अमेरिकेत २०२३ साली चारपैकी सुमारे एकाने आदल्या दिवशीची सगळी जेवणं एकट्याने घेतली होती. २००३ च्या तुलनेत ही वाढ ५३ टक्क्यांची, आणि तरुणांमध्ये ती अधिक ठळक. आपल्याकडे अभ्यासिका चालवणाऱ्यांनी दुपारी चहाची एक ठरलेली वेळ आणि बसायला एक बाक दिला, पीजीच्या मालकांनी खोल्यांबाहेर एक मोठं टेबल टाकलं, तरी बरंच होईल. आणि आईवडिलांनी रात्रीच्या फोनवर ‘जेवलास का?’ एवढ्यावर न थांबता ‘कुणाबरोबर जेवलास?’ हेही विचारावं. उत्तर सलग आठवडाभर ‘एकटाच’ असं आलं, तर पुढच्या रविवारी एसटी पकडून त्याला भेटायला जावं.