‘सॉरी देवा’ म्हटलं, मग पुढे काय?

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना पुन्हा पुन्हा आलेली वाक्यं काढली आहेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

 

आजचा भाग एका मेसेजवरून सुरू करतो. मालवणच्या बाजूचा एक मुलगा आहे, वय तेवीस. त्याला विचारूनच सांगतोय, पण नाव-गाव सांगणार नाही. सीझनला तो पर्यटकांच्या बोटीवर काम करतो आणि पावसाळ्यात घरी असतो. अशाच एका पावसाळ्यात मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या गेमचा नाद लागला. आधी शंभर, मग पाचशे. मग आईने बचत गटाचे अठरा हजार रुपये कपाटात ठेवले होते, ते गेले. आईला वाटलं, पैसे घरात आलेल्या कुणीतरी नेले. तिचा संशय एका शेजारणीवर गेला आणि दोघींचं बोलणं बंद झालं.

पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा केला. ॲप बंद झालं. याला वाटलं, सुटलो. पण तो लिहितो, "दादा, रोज रात्री देवाची माफी मागतो. रडतो पण. सकाळी आई समोर चहा ठेवते आणि परत तसंच वाटतं. देव मला माफ करत नाही काय?"

हा प्रश्न फक्त त्याचा नाही. गेमच्या जागी दुसरं काहीही ठेवा: लपवून बघितलेले व्हिडिओ, कुणाशी तरी चाललेलं खोटं, दारू, परीक्षेतली कॉपी. ‘सॉरी देवा’ म्हणून झालंय, पण मोकळं वाटत नाही. का?

पश्चात्ताप हा शब्द नीट बघूया

मराठीत आपण ‘पश्चात्ताप’ म्हणतो. पश्चात् म्हणजे नंतर, ताप म्हणजे जळणं. चूक झाल्यावर मनाची जी आग होते, ती. शब्द छान आहे, पण त्यात अर्धीच गोष्ट येते. बायबलचा जुना करार हिब्रू भाषेत आहे. तिथे यासाठी ‘शूव’ हा शब्द येतो, त्याचा अर्थ परत फिरणं. चुकीच्या वाटेवरून पाय मागे वळवणं. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत ‘मेटानोइया’ आहे, म्हणजे मन बदलणं, विचाराची दिशाच बदलणं.

म्हणजे जळणं ही सुरुवात झाली, वळणं अजून बाकी आहे. होडी खडकावर चाललीय हे बघून तांडेल रडत बसला, तर होडी वळेल का? सुकाणू फिरवावं लागतं.

आता बायबलमधली दोन माणसं शेजारी शेजारी ठेवूया, यहूदा आणि पेत्र. एकाने येशूला पैशासाठी धरून दिलं, दुसऱ्याने ‘मी या माणसाला ओळखत नाही’ असं तीनदा सांगितलं. दोघांनाही वाईट वाटलं. मत्तय २७ वाचलंत तर दिसेल, की यहूदाने चांदीची तीस नाणी परत नेली आणि ‘मी पाप केलं’ हे तोंडाने कबूलही केलं. मग चुकलं कुठे?

तो गेला कुणाकडे ते बघा. ज्या याजकांनी त्याला पैसे दिले होते, त्यांच्याकडेच. त्यांनी सरळ हात झटकले: आम्हाला काय त्याचं, तुझं तू बघ. तिथून तो ना येशूकडे गेला, ना सोबत्यांकडे. एकटाच निघून गेला आणि त्याने जीव दिला.

पेत्रही ढसाढसा रडला. पण तो सोबत्यांमधून उठून गेला नाही. योहान २१ मध्ये तो बाकीच्यांबरोबर मासेमारीला गेलेला दिसतो. रात्रभर जाळ्यात काही नाही. पहाटे किनाऱ्यावर कुणीतरी उभं आहे. तो प्रभू आहे हे कळताच पेत्राने पाण्यात उडी टाकली. होडी किनाऱ्याला लागेपर्यंतही थांबला नाही. किनाऱ्यावर काय होतं? कोळशाचा विस्तव, त्यावर मासे, बाजूला भाकर. योहानाने पेत्राचं नाकारणं जिथे सांगितलंय, तिथेही कोळशाचाच विस्तव आहे. प्रभूने त्याला परत विस्तवापाशीच बसवलं आणि तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? तीन नकारांना तीन उत्तरं. आणि हे एकट्याला बाजूला नेऊन नाही झालं. सगळे मिळून खाऊन उठले, तिथेच झालं.

म्हणजे दोघांनाही जळजळ झाली. पण एक वळला आणि दुसरा एकटा पडला.

उजेडात चालणं म्हणजे स्वच्छ दिसणं नव्हे

आपल्याला वाटतं, उजेडात जगणारा ख्रिस्ती माणूस म्हणजे ज्याच्यावर एकही डाग नाही असा. योहानाच्या पहिल्या पत्राचा पहिला अध्याय वाचा, अगदी छोटा आहे. तो सांगतो, देव प्रकाश आहे. आपण प्रकाशात चाललो तर काय होतं? ‘तुम्ही कधीच चुकणार नाही’ असं तो लिहीत नाही. उलट, माझ्यात पाप नाही असं म्हणणारा स्वतःलाच फसवतो, असं म्हणतो. प्रकाशात चालण्याचं पहिलं फळ तो सांगतो ते वेगळंच आहे: आपली एकमेकांशी सहभागिता होते. आणि येशूचं रक्त आपल्याला शुद्ध करतं.

‘एकमेकांशी’ या शब्दावर थांबा जरा. उजेड पडला की मी देवाला दिसतो असं नाही, देवाला मी अंधारातही दिसतच होतो. उजेड पडला की मी माणसांना दिसतो. भीती आपल्याला त्याचीच वाटते.

उजेडाचा एक दुसरा प्रकारही आपल्या किनाऱ्याला चांगला माहीत आहे. रात्री समुद्रात बोटीवर जनरेटर लावून मोठमोठे एलईडी दिवे सोडतात. मासा उजेडाकडे धावतो, गोळा होतो आणि जाळ्यात जातो. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली. आपले पारंपरिक मच्छीमार त्याविरुद्ध किती वर्षं भांडतायत हे तुम्हाला मी सांगायला नको. तोही उजेडच, पण माशाला वाट दाखवायला लावलेला नाही. त्याला ओढून घ्यायला लावलेला आहे.

रात्री दोन वाजता अंथरुणात हातातल्या स्क्रीनचा जो उजेड तोंडावर पडतो, तो बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारचा असतो. ओळखायचं कसं? सोपं आहे. जो उजेड मला खेचतो पण माझं काही उघड करत नाही, त्याच्यापासून सावध राहा. प्रभूचा उजेड आधी मला माझंच तोंड दाखवतो. त्याचा थोडा त्रास होतोच.

बेळगावचा एक तरुण

आता एक खरी गोष्ट, आंबोली घाट चढून पलीकडे गेलं की लागणाऱ्या बेळगावची.

बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ मध्ये बेळगावात, कासार घरात झाला. १८५७ मध्ये आलेलं त्यांचं ‘यमुनापर्यटन’ मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते. पण आज आपल्याला त्यांचं आधीचं आयुष्य बघायचंय.

तेव्हा मुंबईत परमहंस सभा नावाची मंडळी होती. १८४९ च्या सुमारास सुरू झालेली, दादोबा पांडुरंगांसारखे विद्वान त्यात होते. जातिभेद मोडायचा हा त्यांचा विचार. विचार चांगलाच होता. सभेत येणाऱ्याने जातीचं बंधन मानत नाही हे दाखवायला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा. पण हे सगळं बंद दाराआड. बाहेर आल्यावर घरात, गल्लीत, पंगतीत पूर्वीसारखंच वागायचं. तरुण बाबाही या सभेत होते.

पुढे काय झालं? १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली. नावं बाहेर पडणार या भीतीने सभाच मोडली. लपवून जगणाऱ्याला एका कागदाची भीती. आजच्या भाषेत, एका स्क्रीनशॉटची. त्याच विचारांच्या काही माणसांनी पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाज काढला, तो मात्र उघड, दार सताड ठेवून. तो टिकला.

बाबा पदमनजींनी त्याआधीच, १८५४ मध्ये, बेळगावात उघड बाप्तिस्मा घेतला होता. त्या काळात ख्रिस्ती होणं म्हणजे घरच्या पंगतीतून उठणं, नात्यातून तुटणं. आतून विश्वास ठेवून बाहेरून गप्प राहणं त्यांना सोपं गेलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. नंतर आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नाव ‘अरुणोदय’. म्हणजे पहाट. एकदम भर दुपार नाही, उजेड हळूहळू येतो.

ही गोष्ट मी हा धर्म बरा की तो बरा हे सांगायला आणलेली नाही. प्रार्थना समाजाची माणसंही उघड्यावर आलीच की. मुद्दा एवढाच, की आत एक आणि बाहेर एक असं जगणं माणसाला आतून खात राहतं, मग आतला विचार कितीही चांगला असो. विचार चांगला असून ही गत, तर लपवलेल्या पापाचं काय होत असेल?

मग करायचं काय?

एक. देवाजवळ पापाचं नाव घ्या. ‘देवा, माझ्या सगळ्या चुका माफ कर’ असं ढोबळ नको. ‘मी आईचे अठरा हजार घेतले आणि शेजारणीवर आळ आला तेव्हा गप्प बसलो’ असं. नाव घेतलं की पळवाट बंद होते.

दोन. एका माणसाला सांगा. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एकमेकांजवळ पाप कबूल करायला सांगितलंय. तुम्ही कॅथलिक असाल तर तुमच्याकडे कुमसार आहेच, फक्त सणाआधीची रीत म्हणून उरकू नका. प्रोटेस्टंट असाल तर पाळक, एखादा वडीलधारा विश्वासू, प्रार्थनेतली समजूतदार मावशी. पण यहूदाची चूक करू नका. हात झटकणाऱ्याला सांगू नका. आणि व्हॉट्सॲप स्टेटसवर तर मुळीच नको. उजेडात येणं आणि व्हायरल होणं यात फरक आहे.

तीन. ज्याचं नुकसान झालं त्याला भरून द्या. लूक १९ मधला जक्कय आठवा. जकातदार, पैसेवाला. येशू त्याच्या घरी आला आणि हा उभा राहून म्हणाला, ज्याला लुबाडलं त्याला चौपट देईन. येशूने त्याला आधी हिशेब मागितला नव्हता. माफी मिळावी म्हणून तो पैसे परत करत नाही. प्रभू घरात आलाय म्हणून करतो. हा क्रम उलटा करू नका, नाहीतर देवालाच हप्ते भरत बसाल.

चार. परतीची वाट अवघड करा. गेम, चॅनेल, नंबर काढून टाका. यूपीआयची मर्यादा कमी करा. रात्री फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. यात आध्यात्मिक काय, असं विचाराल. सुकाणू फिरवणं म्हणजे हेच.

आणि परत पडलात तर? परत उठायचं. योहानाने ते पत्र नव्या माणसांना लिहिलेलं नाही, विश्वास ठेवणाऱ्यांनाच लिहिलंय. रापण एकट्याने ओढता येत नाही, दोरीला दोन्हीकडे माणसं लागतात. हेही तसंच आहे.

दोन गोष्टी मात्र नक्की ऐका. तुमच्यावर कुणी अत्याचार केला असेल, तर ते तुमचं पाप नाही. त्यात तुम्हाला पश्चात्ताप करायचा नाही, मदत मागायची आहे. आणि कर्जामुळे किंवा लाजेमुळे जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फोन करा. तो मोफत आहे आणि रात्रीही चालू असतो. यहूदाला तेव्हा हात धरणारं कुणी भेटलं नाही. तुम्ही एकटे राहू नका.

शेवटी त्या मुलाबद्दल. त्याला मी एवढंच लिहिलं होतं, की देवाने माफ केलंय की नाही हा तुझा प्रश्न नाहीच. तू अजून दार उघडलेलं नाहीस. आईला सांग, आणि शेजारच्या काकींनाही.

रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी त्याचा मेसेज आला, जसाच्या तसा वाचतो: "आवशीक सगळां सांगलंय. ती कायच बोलाक नाय. काकीकडे उद्या दोघांव जातलो."

आई अजून बोलली नाहीय. पैसे फिटायला वर्ष लागेल. काकी दार उघडतील की नाही तेही माहीत नाही. पण ‘दोघांव’ असं त्याने लिहिलंय. आई सोबत जाणार आहे.

त्यांच्यासाठी आज रात्री एक मिनिट प्रार्थना करा. आणि तुमच्या कपाटात काय आहे, तेही जरा बघा. प्रभू तुम्हाला धैर्य देवो. भेटूया पुढच्या भागात.