लिंट म्हणजे आपली रुईच की!

केळापूर तालुक्यातल्या पोरांना कापूस काय चीज आहे हे नव्याने सांगायला नको. वेचणी सुरू झाली की पांढरकवड्याच्या रस्त्याला कापसाच्या गाड्या लागतात. जिनिंगच्या आवारात बिडी-काडीला सक्त मनाई. का? तर कापसात एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला, मशीनमध्ये ठिणगी उडाली, तरी गंजी पेटायला वेळ लागत नाही.

यातलंच एखादं पोर उद्या शिकायला अमेरिका-कॅनडाला जातं, भाड्याच्या खोलीत राहतं आणि तिथे त्याची गाठ पडते ड्रायरशी.

आपल्याकडे ड्रायर म्हणजे सेमी ऑटोमॅटिक मशीनचा दुसरा डबा. तो कपडे गरगर फिरवून पाणी काढतो, बस्स. पुढचं काम दोरी आणि आपलं ऊन करतं. तिकडचा ड्रायर मात्र गरम हवा सोडून कपडे खडखडीत वाळवतो आणि दमट हवा पाईपातून घराबाहेर टाकतो. त्या हवेसोबत कपड्यांचे बारीक तंतूही निघतात. बरेचसे जाळीत अडकतात, उरलेले पाईपात साचतात. इंग्रजीत त्याला म्हणतात लिंट. आणि सरकी काढल्यावर जी रुई उरते, तिलाही इंग्रजीत लिंटच म्हणतात!

आता गणित सोपं आहे. पाईप तुंबला की गरम हवेला वाट नाही. मशीन तापत जातं आणि आत रुई तयारच असते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अहवालानुसार २००८ ते २०१० या काळात तिथल्या घरांमध्ये ड्रायरमुळे वर्षाला अंदाजे २,९०० आगी लागल्या. सगळ्यात मोठं कारण कोणतं? साफसफाई न करणं. ३४ टक्के!

मग करायचं काय?

जाळी दर वेळी साफ करा. मशीन लावण्याआधी हाताने लिंट काढायला अर्धा मिनिट पुरतो. जाळी फाटली असेल तर मशीन लावूच नका.

पाईप वर्षातून एकदा तरी साफ झाला पाहिजे. तो धातूचा हवा, प्लॅस्टिकचा नको. मशीनमागे तो दबलेला नाही ना, तेही बघा.

बाहेरचं झाकण बघा. मशीन चालू असताना ते उघडून हवा यायला हवी. बर्फाने किंवा पक्ष्याच्या घरट्याने ते बंद झालेलं असू शकतं.

इशारे ओळखा. कपडे वाळायला दुप्पट वेळ, हाताला चटका, जळका वास... यातलं काही जाणवलं तर मशीन बंद. गॅसवर चालणारा ड्रायर असेल तर जास्तच जपा. पाईप तुंबला तर विषारी कार्बन मोनॉक्साइड घरात पसरू शकतो, आणि त्याला वास नसतो.

तेला-पेट्रोलचे डाग असलेले कपडे आत टाकू नका. मशीन लावून झोपू नका, बाहेरही जाऊ नका.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये आता वॉशर-ड्रायर दिसतात. त्यातल्या बहुतेकांना बाहेर जाणारा पाईप नसतो, आतच वाफेचं पाणी होतं. तरी मशीनसोबत आलेलं पुस्तक वाचा आणि त्यात सांगितलेला फिल्टर साफ करा.

आणि खोली भाड्याची असेल, तर घरमालकाला बिनधास्त विचारा, 'पाईप शेवटचा कधी साफ केला होता?' परदेशात नवे आहोत म्हणून संकोच करू नका. भाडं भरता ना? मग हा प्रश्न विचारायचा हक्क तुमचाच आहे.