घरची बाग, भाग ९ : पुडीत नेमकं काय आहे?

मृग जवळ आला की सोसायटीत पुड्या फिरू लागतात. वर्तमानपत्राच्या कागदात दुधीचं बी, काडेपेटीत वालाचे दाणे, दह्याच्या रिकाम्या डब्यात पानओव्याची फांदी. ही देवघेव व्हावीच. पण पुडीवर नुसतं ‘दुधी’ लिहिलेलं असेल तर आपण काय देतोय हे बहुतेक वेळा देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

सगळ्यात बिनघोर बी वाल, श्रावणघेवडा, चवळी आणि टोमॅटोचं. यांची फुलं बहुतांशी स्वतःच्याच परागावर फळतात, त्यामुळे आईसारखीच लेक निघते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाला-घेवड्याचे कितीतरी गावरान वाण घरच्या बियाणे बँकेत जपले आणि लोकांना दिले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शेंगवर्गाचा हा स्वभाव अशा कामात फार उपयोगी पडतो. टोमॅटोची अट एकच, मूळ रोप संकरित नसावं. संकरिताच्या फळातलं बी उगवतं झकास, पण चार रोपं चार तऱ्हांची.

वेलवर्गाचं गणित निराळं. दुधीला नर आणि मादी फुलं वेगळी येतात. मादी फुलाच्या बुडाशी इवलासा दुधी असतो, म्हणून ते लगेच ओळखू येतं. पलीकडच्या गच्चीतल्या गोल दुधीचा पराग कीटकांनी तुमच्या लांब दुधीवर आणला, तरी यंदाचं फळ लांबच येतं. फरक पडतो तो त्या फळातल्या बियांत. तो कळतो पुढच्या पावसाळ्यात, आणि तोही पुडी ज्यांना दिली त्यांच्या घरी!

उपाय संध्याकाळच्या दहा मिनिटांचा आहे. दुधीची पांढरी फुलं दिवस कलल्यावर उमलतात. त्याआधी, दुपारीच, उमलायच्या बेतात असलेली एक मादी आणि दोन नर कळ्या शोधून त्यांची टोकं दोऱ्याने हलकी बांधा. अंधार पडताना दोरे सोडा, नर फूल तोडून पाकळ्या मागे मुडपा आणि पराग मादी फुलाच्या मध्यावर अलगद फिरवा. मादी फूल पुन्हा बांधा, देठाला रंगीत दोरा लावा. ते फळ भाजीला काढायचं नाही. वेलीवरच वाळून, साल लाकडासारखी होऊन आत बिया खुळखुळू लागल्या की उतरवायचं. घरातल्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर बियाण्याच्या दुधीचा हलवा होतो.

एक गोष्ट मात्र गमतीवारी न्यायची नाही. कडू दुधी विषारी असतो; त्याचा रस पिऊन माणसं दगावलेली आहेत. ज्या वेलीचं बी धरायचं, तिच्या एका कोवळ्या फळाची चकती जिभेला लावून थुंकून टाका. कडू लागली तर त्या वेलीचं बी कुणालाही देऊ नका.

पुडीवर वाण, बी कुठून आलं, कोणत्या वर्षीचं आणि फुलं बांधली होती की नाही, एवढं लिहिलं की पुरे.

फांद्यांच्या देवघेवीत वाण बदलत नाही, पण सोबत पाहुणे येतात. जास्वंदीच्या पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. पपईवरचा असाच परदेशी ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरजवळ आढळला आणि पसरत गेला. त्याला आवर घालायला २०१० मध्ये पोर्तो रिकोतून परोपजीवी माशी आणावी लागली. म्हणून आलेलं रोप दोन-तीन आठवडे बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवा. देणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून तपासायचं टाळू नका.

परदेशातल्या वाचकांकडून कढीपत्त्याच्या रोपांबद्दल हमखास विचारणा होते. कढीपत्त्यावर सायला नावाची बारीक कीड पोसली जाते आणि तीच लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग रोग पसरवते. फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये सापडला आणि संत्र्याच्या बागांची वाताहत झाली. त्यामुळे अमेरिकेत बाधित भागातून कढीपत्त्याचं रोप बाहेर न्यायला कायद्याचे निर्बंध आहेत. मैत्रिणीला दुसऱ्या राज्यात रोप पाठवण्याआधी तिथल्या कृषी खात्याचे नियम पाहा, आणि भारतातून बॅगेत लपवून तर नेऊच नका.