वजन घटते ते कशाचे?

२००४ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. एक होते पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले म्हणजे जो आकडा येतो, तो दोघांचाही अगदी सारखा, २२.३ होता. प्रचलित कोष्टकाप्रमाणे दोघेही यथायोग्य वजनाचे गृहस्थ ठरत होते. परंतु शरीरातील मेद मोजला, तेव्हा युडकिन यांच्या अंगी तो ९.१ टक्के भरला आणि याज्ञिकांच्या अंगी २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून या विसंगतीला ‘वाय-वाय विरोधाभास’ असे नाव मिळाले.

हातपाय काटकुळे, पोट मात्र सुटलेले, ही ठेवण आपल्याकडे घरोघरी दिसते. तिच्यात मेद जास्त असतो, तसे स्नायूही कमी असतात, आणि ही दुसरी उणीव पहिल्या आधिक्याइतकीच महाग पडते. जेवणानंतर रक्तात येणारी साखर इन्शुलिनच्या साहाय्याने मोठ्या प्रमाणावर शोषून घेणारे कोठार म्हणजे स्नायूच होत. ज्याचे कोठार मुळातच लहान, त्याने वजन उतरविण्याच्या भरात त्याच्याच भिंती पाडल्या, तर काटा खाली येऊनही पदरात फारसे काही पडत नाही. म्हणून ‘किती किलो घटले?’ या प्रश्नाआधी ‘काय घटले?’ हा प्रश्न विचारावयास हवा. भात, पोळी, भाकरी आणि साखर सोडून कृश होण्याची जी पद्धत आज व्यायामशाळांतून आणि घरांतून रूढ झाली आहे, तिचीही पारख याच प्रश्नाने करणे बरे.

ही पद्धत नवी नाही. लंडनमध्ये अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा धंदा करणारे विल्यम बँटिंग नावाचे एक गृहस्थ होते. वयाची पासष्टी उलटली तेव्हा, १८६२ साली, जेमतेम साडेपाच फूट उंचीच्या या माणसाचे वजन २०२ पौंड होते. वाकून बुटाचे बंद बांधणे त्यांना जमत नसे आणि जिना उतरायचा तर पाठमोरे होऊन उतरावा लागे. ऐकू कमी येते म्हणून ते विल्यम हार्वे या कानाच्या डॉक्टरांकडे गेले. हार्वे यांनी कानाचे मूळ मेदात आहे असे ठरवून त्यांना पाव, लोणी, दूध, साखर, बीअर आणि बटाटे यांपासून दूर राहावयास सांगितले. मांस आणि मासे यांना मुभा दिली. वर्षभरात बँटिंग यांचे वजन सुमारे ४६ पौंडांनी उतरले. त्यांनी १८६३ साली स्वखर्चाने काढलेली छोटी पुस्तिका इतकी गाजली, की स्वीडिश भाषेत त्यांच्या नावावरून पथ्याने वजन उतरविण्यास ‘बांता’ हे क्रियापद तयार झाले आणि ते आजही वापरात आहे. पुढे १९७२ साली अमेरिकेत डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या पुस्तकाने हीच कल्पना पुन्हा घरोघरी नेली.

पिष्टान्न वर्ज्य करणाऱ्यास पहिल्या आठवड्यातच दोन-दोन किलोंचा जो चमत्कार दिसतो, त्याचे रहस्य मोठे साधे आहे. शरीर साखरेचा काही साठा ग्लायकोजेनच्या रूपाने शिल्लक ठेवते. प्रौढ माणसाच्या यकृतात तो सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ते ५०० ग्रॅम असतो. हा साठा कोरडा नसतो. दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. भात-पोळी थांबली की साठा ओसरतो आणि त्याच्याबरोबर पाणीही निघून जाते. काट्याला पाणी आणि चरबी यांतला भेद कळत नाही. तो सारखाच आनंद देतो. आणि पुढे एखाद्या लग्नाच्या पंगतीत दोन वाट्या मसालेभात पोटात गेला, की एका रात्रीत किलोभर ‘चरबी’ चढल्याचा तितकाच खोटा धक्काही देतो.

अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भेदाचा कसोशीने पाठपुरावा केला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात १९ स्थूल स्त्री-पुरुषांना संस्थेतच ठेवून, मोजून मापून जेवण देण्यात आले. त्याच व्यक्तींच्या आहारातून एकदा केवळ पिष्टमय भाग कमी करून आणि एकदा केवळ स्निग्ध भाग कमी करून उष्मांक तितकेच, म्हणजे ३० टक्क्यांनी, घटविले. सहा दिवसांत काट्यावर पिष्टान्नाची कपात सरस ठरली. परंतु प्रत्यक्ष मेदाचा हिशेब केला, तेव्हा पिष्टान्न घटविल्याने रोज सरासरी ५३ ग्रॅम आणि स्निग्ध पदार्थ घटविल्याने ८९ ग्रॅम मेद गेला होता. सहा दिवसांच्या प्रयोगावरून आयुष्यभराचे पथ्य ठरवू नये, हे खरेच. पण काट्याचा कौल आणि मेदाचा कौल निराळे असू शकतात, एवढे त्यातून स्पष्ट होते. पूर्ण वर्षाचा अनुभव पाहावयाचा तर स्टॅनफर्ड विद्यापीठातील ६०९ प्रौढांचा आहे. २०१८ साली त्याचे निष्कर्ष आले. कमी स्निग्धांशाच्या गटात सरासरी ५.३ किलो आणि कमी पिष्टान्नाच्या गटात ६ किलो वजन उतरले. शास्त्रीय दृष्टीने हा फरक नगण्य होय.

मग बँटिंगसाहेबांचे ४६ पौंड गेले कोठे? ते काही नुसते पाणी नव्हते. त्याचे उत्तर असे, की साखर, पाव आणि बीअर यांना रजा मिळताच एकूण उष्मांक आपोआप घसरतात. आणि ताटात मांस-मासे वाढल्याने पोट लवकर भरते, भूक उशिरा लागते. प्रथिने पचविण्यातच त्यांच्यातील ऊर्जेपैकी २० ते ३० टक्के खर्ची पडते, पिष्टमय पदार्थांच्या बाबतीत हेच प्रमाण ५ ते १० टक्के असते. म्हणजे यश आले ते पिष्टान्नाच्या बहिष्कारातील एखाद्या जादूने नव्हे. एकूण खाणे कमी झाले आणि प्रथिनांचा वाटा वाढला, म्हणून ते आले.

आता वजने उचलण्याचा व्यायाम या चित्रात आणावा. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात ४० स्थूल तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी उष्मांकांवर ठेवले आणि आठवड्यातून सहा दिवस वजनांचा व दमछाकीचा कठोर व्यायाम करविला. दोन्ही गटांच्या आहारात पिष्टान्नाचा वाटा सारखाच, सुमारे निम्मा होता. फरक होता तो प्रथिनांचा. एका गटास शरीराच्या दर किलोमागे रोज १.२ ग्रॅम, दुसऱ्यास २.४ ग्रॅम. पहिल्या गटाचा मेद ३.५ किलोंनी घटला आणि मांसल भाग जेथल्या तेथे राहिला. दुसऱ्याचा मेद ४.८ किलोंनी घटला आणि मांसल भाग उलट १.२ किलोंनी वाढला. २०१६ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग तरुणांवरचा आणि देखरेखीखालचा आहे. पन्नाशीच्या कारकुनाने तेच वेळापत्रक भिंतीवर लावण्याचे कारण नाही. परंतु उपासमारीच्या दिवसांतही वजनांचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिने मिळून स्नायू राखता येतात, आणि त्यासाठी भाकरीला हद्दपार करावे लागत नाही, ही गोष्ट त्यातून दिसली.

पुरेशी म्हणजे किती? ४९ प्रयोगांचा एकत्र विचार करणाऱ्या २०१८ सालच्या एका अभ्यासात असे आढळले, की वजनांचा व्यायाम करणाऱ्यांस दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे प्रथिने वाढविल्याने स्नायूंची वाढ सरासरीने आणखी होत नाही. सत्तर किलोंच्या माणसाचा हिशेब मांडून पाहू. समजा, त्याची रोजची गरज २४०० उष्मांकांची आहे आणि त्याने ती २००० वर आणावयाची ठरविले. प्रथिने ११२ ग्रॅम. ग्रॅममागे चार उष्मांक धरता ४४८ झाले. स्निग्ध पदार्थ ६० ग्रॅम. ग्रॅममागे नऊ, म्हणून ५४०. उरले १०१२, त्यांचे पिष्टमय पदार्थ झाले सुमारे २५० ग्रॅम. देशभरातील एक लाखाहून अधिक प्रौढांच्या पाहणीत भारतीयांच्या आहारातील ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते असे दिसून आले. त्या प्रमाणाने आपला हा गृहस्थ २४०० उष्मांकांत ३७० ग्रॅम पिष्टान्न खात असणार. त्याला १२० ग्रॅम कमी करावयाचे आहे. ही कपात लहान नाही, पण ती संन्यासही नव्हे.

खरी अडचण दुसऱ्या टोकाला आहे. ११२ ग्रॅम प्रथिने मराठी ताटातून आणावी कशी? वरण हा प्रथिनांचा पदार्थ अशी आपली समजूत असते. शंभर ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळीत प्रथिने सुमारे २२ ग्रॅम असतात खरी, पण पिष्टमय भाग त्याच्या दुपटीहून जास्त असतो. आणि वाटीभर पातळ वरणात डाळ पडते ती मूठभर. शेंगदाण्याची गोष्टही तशीच. शंभर ग्रॅममागे २५ ग्रॅम प्रथिने, पण त्याच्या ऊर्जेचा निम्म्याहून बराच मोठा भाग तेलाचा. दाण्याचा कूट सढळ हाताने घालून कोणी बारीक होत नाही. साबुदाणा तर बोलूनचालून निव्वळ पिष्ट, आणि उपवासाच्या दिवशी त्याचीच खिचडी दोनदा होते. कोकणातल्या माणसाला मासळीचा आधार आहे. मिश्राहारी घरात अंडे आहे, त्यात सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. शाकाहारी माणसाने दूध, ताक, चक्का, पनीर, मोड आलेली कडधान्ये आणि सोयाबीनच्या वड्या यांना ताटाच्या कडेवरून मध्यभागी आणावे लागते. शंभर ग्रॅम कोरड्या वड्यांत प्रथिने जवळजवळ निम्मी असतात. त्यांची चव मात्र रश्श्यावर अवलंबून आहे.

पिष्टान्न अगदी पन्नास ग्रॅमपर्यंत खाली आणणारेही आहेत. त्यांतील काहींना ते मानवते. परंतु जड वजन आठ-दहा वेळा उचलताना स्नायू जे इंधन वापरतात, त्यात ग्लायकोजेनचा वाटा मोठा असतो; मेद इतक्या वेगाने जळत नाही. कोठार रिकामे ठेवून व्यायामशाळेत जाणाऱ्याचे शेवटचे आवर्तन अनेकदा अपुरे राहते, आणि स्नायूंना टिकून राहण्याची आज्ञा मिळते ती नेमकी या श्रमातून. व्यायामाआधी तास-दीड तास एखादी भाकरी किंवा केळे खाणारा माणूस पथ्य मोडत नसतो.

मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने मात्र स्वतःच्या बुद्धीने भात-पोळी बंद करू नये. इन्शुलिन किंवा साखर खेचणाऱ्या काही गोळ्या चालू असता पिष्टान्न अचानक तुटले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या नव्या गोळ्यांबरोबर अतिकडक पथ्य केल्यास रक्त आम्लयुक्त होण्याचा संभव असतो, आणि त्या वेळी साखरेचा आकडा फार चढलेला नसल्याने संकट लक्षातही येत नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने वाढविण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

बाकीच्यांनी काट्याच्या जोडीला शिंप्याची फीत घ्यावी आणि एक वही ठेवावी. आठवड्यास शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का घट पुरे. बेंबीच्या रेषेवरचा घेर पंधरवड्याने एकदा मोजावा, आणि त्याच पानावर बैठकांना खांद्यावर घेतलेले वजन व त्यांची आवर्तने लिहावीत. घेर उतरतो आहे आणि उचललेले वजन टिकून आहे, तर जाते ती चरबी. काटा झपाट्याने खाली येत असून घेर तसाच राहिला आणि गेल्या महिन्यात सहज पेललेली दांडी आता डगमगू लागली, तर ताटात आणखी एक अंडे किंवा वाटीभर चक्का आणि व्यायामाच्या दिवशी एक भाकरी वाढवावी.